घरी केलेले फिनचे पट्टे, मास्कचं कव्हर आणि बीसीडीचा खालचा पट्टा: एका हंगामानंतर

पावसाळा लागला की मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग थांबतं. सामान उलगडून बारकाईनं बघायला हीच वेळ बरी. ऑक्टोबर ते मे तीन घरगुती वस्तू खाऱ्या पाण्यात वापरून झाल्या. फिनचे (पायातल्या वल्ह्यासारख्या पात्यांचे) पट्टे आता कायमचे, मास्कच्या पट्ट्यावरचं कव्हर कामाचं, आणि बीसीडीचा (तरंगणं कमी-जास्त करायच्या, हवा भरायच्या जॅकेटचा) पट्टा मात्र नीट समजून घेतल्याशिवाय कुणी लावू नये.

आधी फिन. उघड्या टाचेच्या फिनचा नेहमीचा पट्टा होडीवर घट्ट बसतो आणि खाली गेल्यावर सैल लागतो. दोष पट्ट्याचा नसतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले (वेटसूटच्या फेसाळ रबरातले) वायूचे बुडबुडे आकसतात आणि ५ मिमीचा बूट पातळ होतो. पट्टा फारसा ताणलेलाच नसेल तर ही जागा तो भरून काढत नाही. बंजी दोरी (विणलेल्या आवरणाची रबरी दोरी) काढते, कारण ती मुळातच ताणून बसवलेली असते.

माप बूट घालूनच घ्या: एका बाजूच्या बकलपासून टाचेमागून दुसऱ्या बाजूच्या बकलपर्यंत. ३० सेंमी आलं तर तयार वेढा २४ सेंमीचा हवा, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा कमी. दोरी ८ मिमीची, दुपदरी. गाठ बरीच दोरी खाते, म्हणून एका पायासाठी ८५ सेंमी कापा. बकल काढून त्या जागी दोन्ही बाजूंना ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे छोटे शॅकल (पिनेनं बंद होणाऱ्या यू आकाराच्या कड्या) लावा. ३०४ स्टीलवर खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात. चुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, त्यामुळे बोटीचं सामान विकणाऱ्याकडून छाप बघूनच घ्यावेत. शॅकलची पिन धक्क्यांनी हमखास सुटते. तिच्या भोकातून नायलॉनचा टाय ओवून आवळा.

गाठ मारण्याआधी दोन्ही पदरांवर पाऊण इंची बागेच्या पाइपचा १२ सेंमी तुकडा चढवायचा, नाहीतर दोरी टाचेत रुतते. पाइपच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करा. हे टाळलं तर त्या कडा दोरीचं विणकाम कापतात. दुहेरी फिशरमन गाठ (प्रत्येक टोकाचे दुसऱ्याभोवती दोन वेढे) मारा, ती घोट्याच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या, टोकं ४ सेंमी सोडा आणि दोऱ्यानं बांधून ठेवा. कोरडी गाठ पूर्ण जोर लावून ओढा, दोरी रात्रभर पाण्यात ठेवा, मग परत ओढा. पहिल्या डाइव्हला सुटणाऱ्या गाठी बहुधा या दुसऱ्या ओढण्याला फाटा दिल्यामुळे सुटतात.

हंगामाअखेर दोरीचं विणकाम शॅकलपाशी पिंजल्यासारखं झालं. कारण वाळू: विणीत शिरते आणि आतून घासते. वरून पाणी ओतून ती जात नाही, गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवावं लागतं. वाळवणं सावलीतच. ऊन आणि डिझेल दोन्ही आतल्या रबराचे शत्रू आहेत, त्यामुळे फिन होडीच्या तेलकट तळाशी टाकू नका. नव्या वेढ्याची लांबी लिहून ठेवा. तो दहावा हिस्सा वाढला की दोरी बदला. मूळ पट्टे पिशवीत असू द्या.

मास्कच्या कव्हरला जुन्या वेटसूटचं ३ मिमी निओप्रीन चालतं. पाठीचं किंवा मांडीचं घ्या, गुडघ्याचं मेलेलं असतं. २२ × १२ सेंमीचा तुकडा सिलिकॉन पट्ट्याभोवती गुंडाळून वेल्क्रोनं मिटवायचा. वेल्क्रो शिवलेलाच हवा, मागे गोंद असलेला खाऱ्या पाण्यात सुटतो. त्याच्या दोन्ही बाजू शिवा. काटेरी बाजू थेट सूटच्या कापडावर चिकटवली तर कापड पिसतं आणि पकड जाते. दोरा पॉलिएस्टरचा, टाका ४ मिमीचा. बारीक टाके घातले तर निओप्रीन तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. केस ओढले जाणं पूर्ण थांबलं. मास्क गळणं यानं थांबत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर धरून नाकानं श्वास आत ओढा. तो टिकत नसेल तर मापच चुकलंय. उलट पट्टा फार आवळल्यानं कड दुमडून गळती वाढते.

तिसरी वस्तू जॅकेट बीसीडी पृष्ठभागावर हनुवटीपर्यंत चढू नये म्हणून: ५० मिमीचा नायलॉन पट्टा, मागे सिलिंडरच्या पट्ट्याला अडकवलेला, पायांमधून पुढे येऊन कमरेच्या पट्ट्यात ओवलेला, लांबी कमी-जास्त करायला स्लायडर. दप्तराचा मऊ पट्टा घेऊ नका, भिजल्यावर स्लायडरमधून सरकतो. बीसीडी जागेवर राहतो, यात शंका नाही. पण वेट बेल्ट (गरज पडली तर सोडून द्यायचा वजनांचा कमरपट्टा) या पट्ट्याच्या आत गेला तर बकल उघडूनही वजन खाली पडत नाही, मांड्यांमध्ये अडकतं. म्हणून वेट बेल्ट सगळ्यात शेवटी, या पट्ट्याच्या बाहेरून. जोडीदाराला हे दाखवा आणि उथळ पाण्यात वजन सोडून बघा. उसन्या बीसीडीवर, नव्या जोडीदाराबरोबर, हा पट्टा काढून ठेवलेलाच चांगला.

आता जूनमध्ये सगळं कोरडं करून, दोऱ्यांवर ताण न ठेवता टांगायचं. कव्हर वेल्क्रो उघडून ठेवा, मिटलेल्या घडीत बुरशी आधी धरते.