सांदवाडी की धुरा? नागपूरजवळच्या गावात शिकवायला जाण्याआधी

नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जवळच्या गावात जाऊन काही शिकवावं, असं वाटणारे बरेच जण मला विचारतात: घरामागच्या सांदवाडीत भाजीपाला शिकवू, की धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडांची वनशेती? मी दोन्ही केलं आहे. त्यावर मी उलट एकच विचारते, पुढचे दोन उन्हाळे तुम्ही त्या गावात जात राहणार का?

जमणार नसेल तर सांदवाडीच घ्या. जूनमध्ये टाकलेला लाल माठ महिनाभरात पानात येतो, भेंडी-चवळी दीड-दोन महिन्यांत. दोडका, वाल कुंपणावर चढतात. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी वळवलं की पावसाळ्यानंतरही चार वाफे निघतात. चुकलं तरी एका हंगामाचं नुकसान, पुन्हा पेरता येतं.

इथे शिकणाऱ्या बहुतेक बाया असतात आणि बियाण्यातलं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. राखेत बी जपून ठेवणाऱ्या काकूंना पेरणी शिकवायला जाऊ नका. त्यांना उपयोगी पडतो तो निंबोळी अर्क. जून-जुलैत झाडाखाली निंबोळ्यांचा सडा फुकट पडलेला असतो. त्या वाळवून, कुटून लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम या हिशेबाने रात्रभर भिजवायच्या आणि गाळून फवारायच्या. अडचण वेळेची. कापूस वेचणी सुरू झाली की बाया सकाळीच वावरात जातात, दिवेलागणीला परततात. तुमचा वर्ग जेवणं आटोपल्यावरच भरेल, म्हणजे मुक्काम करावा लागेल. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतू म्हणाल, तर त्या महिन्यांत भेटायला कोणी नसतं.

धुऱ्याचं काम वेगळं. खड्डे मे महिन्यात खोदून तापू द्यायचे, रोप जुलैत चांगला पाऊस झाल्यावर लावायचं. खरी कसोटी त्यानंतर. नागपूरचा पारा मेमध्ये 45 अंशांपलीकडे जातो, काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. पिकं निघाली की जनावरं मोकळी चरतात. आळ्यात पाल्याचं आच्छादन, बुडाशी पाण्याचं मडकं, भोवती काट्यांचं कुंपण, हे पहिले दोन उन्हाळे टिकवावं लागतं. काटोलकडच्या एका गावात आम्ही उत्साहाने रोपं लावली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणीही फिरकलो नाही. हातावर मोजण्याइतकी जगली. ज्या दादांनी आमच्या शब्दावर खड्डे खोदले होते, त्यांच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटली.

शिवाय धुरा दोघांचा असतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम धुऱ्यावरच्या झाडांची सावली उत्तरेकडच्या वावरात दिवसभर राहते आणि तिथला हरभरा दबतो. ते वावर शेजाऱ्याचं असेल तर तुम्ही शेती शिकवली नाही, भांडण लावून दिलं. उत्तर-दक्षिण धुऱ्यावर सावली सकाळी एकीकडे, दुपारनंतर दुसरीकडे फिरते. सुरुवात तिथून करा, आणि दोन्ही घरांना बसवून बोलल्याशिवाय खड्डा खोदू नका.

झाड निवडतानाही जबाबदारी मोठी. साग, मोह, चिंच स्वतःच्या शेतातले असले तरी तोडायला परवानगी लागते, हे लावतानाच सांगायला हवं. बांबू 2017 च्या कायदाबदलानंतर वनाबाहेर ‘झाड’ गणला जात नाही आणि चौथ्या-पाचव्या वर्षापासून काढणीला येतो. सागाला वीस-पंचवीस वर्षं. ज्याच्या मुलीचं लग्न पाच वर्षांवर आहे, त्याला साग सुचवणं मला अन्यायाचं वाटतं. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात तर आधी ऐकायलाच बसा. बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. बागेत भाज्यांचे वाफे सुचवताना ते पाणी कुठे मुरणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

खर्चात फार फरक नाही, खर्च होतो तो तुमच्या फेऱ्यांचा. वर्षाला दहा-बारा फेऱ्या, त्यातल्या तीन-चार एप्रिल-मेच्या उन्हात जमत असतील तर धुरा घ्या, कारण त्या गावात ते शिकवणारं दुसरं कोणी सहसा येत नाही. खात्री नसेल तर सांदवाडी घ्या आणि तिच्या कोपऱ्यात एक शेवगा, एक कढीपत्ता लावा. घराजवळ असल्याने त्यांना पाणी मिळतं, आणि गावाला झाडात रस आहे का, हेही वर्षभरात कळतं.

काहीही ठरवा, पहिली भेट मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. मिरग लागला की बसून बोलायला गावात कोणालाच सवड नसते.