मधमाशीच्या मेणपत्र्यांच्या मेणबत्त्या: लहान मुलांसोबत, गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंत

घरात तीन ते सात वर्षांची मुलं असतील आणि त्यांच्यासोबत मेणबत्त्या बनवायच्या असतील, तर वितळवायचं मेण आणू नका. मधमाशीच्या मेणाचे पत्रे आणा. आमच्याकडे सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. गणपतीच्या सुट्टीपासून आत्ताच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही दोन्ही प्रकार करून पाहिले.

आधी सोया मेणाचा संच आणला होता. मेण चांगलं होतं, साचेही नीट होते. पण मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात स्टीलचं भांडं ठेवून मेण वितळवायचं, ते गरम भांडं चिमट्यात धरून साच्यात ओतायचं, ही सगळी कामं मोठ्यांचीच. मुलांच्या वाट्याला आलं रंग निवडणं आणि वात मधोमध धरणं. मग मेण घट्ट होईपर्यंत काही तास नुसतं थांबायचं. साडेतीन वर्षांच्या मुलाला एवढा धीर कुठून असणार?

मेणपत्र्याचं तसं नाही. मधपेटीच्या चौकटीत माश्यांना पोळं बांधायला आधार म्हणून बसवतात, तोच हा पत्रा. त्यावर षटकोनी घरांचा ठसा असतो. पत्र्याच्या कडेला वात ठेवायची आणि गुंडाळत न्यायचं, की मेणबत्ती तयार. शेगडी नाही, भाजण्याची भीती नाही, आणि वात ठेवण्यापासून शेवटची कड दाबून बसवण्यापर्यंत सगळं मुलाच्या हातचं. पहिला वेढा मात्र घट्ट बसला पाहिजे. सैल राहिला तर थरांमध्ये हवा राहते, मेणबत्ती भराभर संपते आणि मेण एका बाजूने ओघळतं. तेवढा एक वेढा मी हात धरून करून घेते. मुलीला आता तोही स्वतः जमतो. पत्रा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापून गुंडाळला की शंकूसारखी, कडेने चढत जाणाऱ्या वळ्यांची मेणबत्ती होते. ती आमच्याकडे सगळ्यांत लाडकी.

हवामानाचा फरक मोठा पडतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पत्रा कडक होतो आणि वाकवायला गेलं की तडकतो. थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवला किंवा लांबून हेअर ड्रायर फिरवला की मऊ पडतो. एप्रिलमध्ये याच्या उलट, पत्रे एकमेकांना चिकटतात. मध्ये कागद घालून कपाटात खालच्या खणात ठेवावेत. काही महिन्यांनी तयार मेणबत्त्यांवर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नव्हे, शुद्ध मेणावर ती येतेच. मऊ फडक्याने पुसली की जाते.

सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं ते वातीकडे. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, सोया मेण ५० च्या आसपास. त्यामुळे सोया मेणाच्या संचातली बारीक वात इथे पुरत नाही. मधोमध खड्डा पडतो, ज्योत त्यात बुडते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड, विणलेली सुती वात घ्या. फार जाड झाली तर ज्योत भडकते आणि काजळी धरते, म्हणून सारख्याच जाडीच्या दोन-तीन मेणबत्त्या करून प्रत्येकीत वेगळ्या जाडीची एकेक वात जाळून बघावी. पेटवण्याआधी वात अर्ध्या सेंटीमीटरवर कापावी. रंगासाठी मेणखडू घालू नका, त्यातल्या रंगाचे कण वातीत अडकतात आणि ज्योत मंदावते. मला तर मधाच्या पिवळ्या रंगाला आणि वासाला दुसरं काही जोडावंसंच वाटत नाही.

या मेणाने मुलांना प्रश्न किती दिले! मेण कुठून येतं, हा पहिला. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात आणि त्यांतून मेणाचे बारीक पापुद्रे बाहेर येतात, हे कळल्यावर मुलीने बरेच दिवस फक्त माश्यांची चित्रं काढली. महाबळेश्वरला जाणार असाल तर जवळचं मांघर मुलांना जरूर दाखवा. २०२२ साली मधाचं गाव म्हणून ते पुढे आलं. मेण कोणाच्या कष्टातून येतं, हे मुलांना तिथे समोर दिसतं.

पत्रे महाग पडतात, पॅराफिनच्या कितीतरी पट. म्हणून दिवाळीत पणत्या भरायला आम्ही अजूनही साधं मेण वितळवतो, पण ते काम मुलं झोपल्यावर. पणत्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल राहिली तर गरम मेण तडतडून उडतं. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये. पेटलंच तर पाणी अजिबात ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचं. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळी तुंबते. कपड्यावर सांडलं तर थंड होऊ द्या, खरवडा, मग वर-खाली जुना कागद ठेवून इस्त्री फिरवा.

पत्रे घेताना वास घेऊन बघा. मधाचा मंद वास यायला हवा. वासच नसेल किंवा अत्तरासारखा उग्र असेल, तर मी घेत नाही. शक्यतो मधपाळांकडून थेट घ्यावेत आणि पहिल्या वेळी थोडेच. दोन मुलांना एका दुपारी चार पत्रे पुरतात.