स्कूबाचा पहिला सेट, एका सीझननंतर: रेग्युलेटर निवांत, बॅगेने वात आणला

‘समुद्राच्या पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही.’ हे उत्तर डाइव्हिंगची म्हणून विकलेल्या बॅगेबद्दल आलंय. तळाला पाणी निथळायला भोकं, बाजूला जाळी, लेबलवर मास्क घातलेला माणूस, आणि वॉरंटी मात्र कोरड्या प्रवासाची. तीन ईमेल झाले, फोटो पाठवून झाले, आता नाद सोडलाय. पण सेटबद्दल लिहायचं तर सुरुवात बॅगेपासूनच करावी लागेल, कारण सगळं गणित तिनेच बिघडवलं.

आधी बिघाड काय ते सांगतो. ट्रॉलीचा दांडा ॲल्युमिनियमचा आणि त्याला अडकवणारी खिट्टी व स्प्रिंग स्टीलची. ओलं सामान भरलं की खारं पाणी दांड्याच्या नळीत उतरतं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी फुलते. दांडा अर्ध्यावर येऊन जो बसला तो बसलाच. चेनचे दात प्लॅस्टिकचे आहेत, त्यांना काही झालं नाही, पण स्लायडर साध्या मिश्रधातूचा, तो थिजला. तळाच्या भोकांचाही उपयोग नाही. आतलं अस्तर भोकांच्या वर ताणून शिवलंय, त्यामुळे पाणी अस्तर आणि तळ यांच्यामध्ये साचतं आणि वास मारतं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. खरा राग तिच्या वजनाचा आहे. रिकामी बॅग ४.२ किलो. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर चेक-इनला साधारण १५ किलो आणि हातात ७ किलो मिळतात. माझ्या काट्यावर बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) ३ किलो, फिन्स (पायात घालायची वल्ही) २.२, बूट ०.९, ३ मिमीचा वेटसूट १.६, सिग्नल बॉय (बोटीला दिसावा म्हणून वर सोडायचा फुगा), स्पूल (त्याच्या दोरीचं रीळ) आणि सुटे भाग मिळून ०.९. झाले ८.६. त्यात बॅग धरली की १२.८. कपड्यांना उरले २.२ किलो. येताना वेटसूट आणि बूट दमट, बीसीडीच्या पट्ट्यांत आणि पोटात उरलेलं पाणी. दोनेक किलो तिथेच चढतात. म्हणजे कपडे अंगावर घालूनच परतायचं. जास्तीच्या वजनाचे पैसे भरण्यापेक्षा दीड किलोच्या आतली, चाकं नसलेली, रेक्झिनच्या कापडाची साधी डफल घ्या. फिन्स आत सपाट बसतात ना, एवढंच दुकानात बघा. लांब पात्याच्या फिन्स कोनात टाकाव्या लागतात.

आता मुख्य सामान. भाड्याचे पैसे वाचतील म्हणून सेट घेत असाल तर थांबा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डाइव्हच्या दरातच सामान येतं आणि स्वतःचं नेलं तर सूट किरकोळ मिळते, कधी मिळतही नाही. स्वतःचं घ्यायचं ते मापासाठी, स्वच्छतेसाठी आणि शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं हे माहीत असावं म्हणून. त्यामुळे खरेदीचा क्रम मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र), बूट-फिन्स, मग रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा) आणि सगळ्यात शेवटी बीसीडी. सिलिंडर आणि बुडण्यासाठी अंगाला बांधायचं शिसं केंद्रावर मिळतं, त्याच्या वाटेला जाऊच नका.

रेग्युलेटरबद्दल तक्रार जवळजवळ नाही. डायफ्रामचा (आत लवचीक पडदा असलेला), बॅलन्स्ड (सिलिंडरमधला दाब उतरला तरी श्वास सारखाच देणारा) आणि पुढून सीलबंद असा फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसून हवेचा दाब कमी करणारा भाग, घेतला. सीलबंद प्रकार थंड पाण्यासाठी म्हणून सांगितला जातो, पण मालवणच्या गढूळ पाण्यात त्याचा वेगळा फायदा आहे: मुख्य स्प्रिंगपर्यंत गाळ आणि मीठ पोचत नाही. रेग्युलेटर सिलिंडरला जोडायचा कसा, डिन (आट्यांनी आत फिरवायचा) की योक (वरून शिकंज्याने आवळायचा), हा वाद ऑनलाइन फार रंगतो. इथल्या सिलिंडरांवर योकच जास्त दिसतो. डिन घेऊन ॲडाप्टर लावला तर चालतं, पण पाव किलोच्या आसपास वजन वाढतं आणि फर्स्ट स्टेज डोक्याच्या जवळ सरकतो, मान वर केली की डोक्याला लागतो. मालवण, गोवा, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान एवढंच फिरणार असाल तर सरळ योक घ्या. युरोपात वगैरे जाणार असाल तर डिन.

विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचं सर्व्हिस किट (सर्व्हिसिंगला लागणाऱ्या भागांचा संच) भारतात कोणाकडे आहे? कंपनीप्रमाणे वर्षाने किंवा दोन वर्षांनी, नाहीतर ठराविक डाइव्हनंतर सर्व्हिसिंग लागतंच. परदेशातून स्वस्तात आणलेला रेग्युलेटर किटअभावी कपाटात पडून राहिला तर स्वस्ताई कसली? शिवाय काही कंपन्यांची ‘सुटे भाग मोफत’ योजना वेळच्या वेळी अधिकृत माणसाकडून सर्व्हिसिंग केलं तरच टिकते. बिलं जपून ठेवा.

घरी एक स्वस्त प्रेशर गेज ठेवावं, इन्फ्लेटरच्या (बीसीडीत हवा भरणाऱ्या) नळीला लागणारं. सिलिंडर उघडल्यावर मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा) साधारण ९ ते १० बारवर येऊन काटा स्थिर राहायला हवा. तो हळूहळू वर चढत राहिला तर फर्स्ट स्टेजची सीट झिजलीय. थोड्याच दिवसांत तोंडात धरायच्या सेकंड स्टेजमधून सूं आवाज सुरू होईल. हे निघायच्या आदल्या आठवड्यात कळलेलं बरं, बोटीवर नको. सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणाऱ्या प्रेशर मीटरच्या मानेतून बारीक बुडबुडे यायला लागले तर घाबरू नका, आतल्या छोट्या जोडनळीच्या दोन ओ-रिंगांपैकी (रबरी कड्यांपैकी) एक गेलेली असते. पाच मिनिटांचं काम, भाग अगदी फुटकळ. पण काम करण्याआधी हवा बंद करून दाब पूर्ण सोडा.

मास्क. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने किंचित श्वास ओढा, तो चिकटून राहिला तर घ्या. मिशीवाल्यांना नाकाखालून पाणी येणारच. तिथली मिशी बोटभर जागेपुरती कापून घ्या किंवा थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन नको, ते पेट्रोलियमचं असतं. नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, तो गेल्याशिवाय धुकं जमू नये म्हणून लावलेली थुंकी, शाम्पू काहीच चालत नाही. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळा, धुवा, असं तीन-चारदा. काचेवर खास कोटिंग असेल तर आधी माहितीपत्रक वाचा. काडेपेटीने थर जाळायचे व्हिडिओ बघून कोटिंगच्या काचेवर तो प्रयोग करू नका. चष्मा असेल तर अर्ध्या नंबराच्या फरकाने तयार काचा मिळतात, सगळ्या मास्कना मात्र नाही.

फिन्सबाबत मत बदललंय. सीझनच्या सुरुवातीला स्टीलच्या स्प्रिंगचे पट्टे म्हणजे चोचले वाटत होते, सोबत आलेल्या रबरी पट्ट्यांनी भागेल असा हिशोब होता. रबर मागच्या बाजूला बकलजवळ चिरतं, तेही आतल्या अंगाने, म्हणून दिसत नाही. स्प्रिंगला बकल लावायची भानगड नाही, हलत्या बोटीवर एका हाताने फिन निघते. पैसे वसूल. मात्र घेताना आपल्या फिनला जोडणी बसते का ते बघा, सगळ्या बसत नाहीत. पायाचं माप नेहमी बूट घालूनच द्या.

बीसीडीत लक्ष फक्त इन्फ्लेटरच्या बटणावर ठेवा. बाकी खिसे, कड्या, रंग हे दुकानातले विषय. बटणाच्या दांड्यावर मीठ साचलं की बटण आत दाबलेलंच राहतं आणि बीसीडी आपोआप फुगत जाते. पाण्यात असं झालं तर आधी नळीचं कपलिंग ओढून सोडवा आणि डंप व्हॉल्व्हने हवा सोडा. ही हालचाल डोळे मिटून जमेल इतकी घोटून ठेवा. टाळायचं तर डाइव्हनंतर हवा चालू असतानाच इन्फ्लेटर गोड्या पाण्यात बुडवून बटण दहा-बारा वेळा दाबा. मग तोंडाने हवा फुंकायच्या भोकातून लिटरभर गोडं पाणी आत ओता, थोडी फुगवा, खळखळवा, नळी खाली धरून पाणी काढा. दोनदा तरी. पहिल्या वेळी निघालेलं पाणी चाखून बघा, कळेल.

अंगाला किती शिसं बांधायचं याचा अंदाज सिलिंडर भरलेला असताना घेऊ नका. ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामा होत आला की सुमारे दोन किलोने हलका होतो आणि वर तरंगायला बघतो. ५० बार उरले असताना, बीसीडी रिकामी करून, साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं आणि सोडला की खाली जावं. तो आकडा आपला. वहीत लिहा, नाहीतर प्रत्येक केंद्रावर दोन किलो जास्तच बांधतात.

कॉम्प्युटर कुठलाही चालेल, फक्त बॅटरी घरी बदलता यायला हवी.

भरायची पद्धत अशी. रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क कडक डबीत आणि टॉर्च, हे हातातल्या बॅगेत. टॉर्चची बॅटरी काढून वेगळी, टोकांना चिकटपट्टी. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. सुरक्षा तपासणीत रेग्युलेटर बाहेर काढायला लावतात, म्हणून तो सगळ्यात वर. सुरी, कात्री, पाना आणि ॲलन की चेक-इनमध्येच. डफलमध्ये फिन्स दोन्ही कडांना उभ्या, त्यांच्या पायाच्या खोबणीत बूट, बुटांत मोजे आणि स्पूल. मधल्या जागेत हवा काढलेली बीसीडी, वर वेटसूट सैल गुंडाळून. सुट्या भागांच्या डबीत माउथपीस आणि झिप टाय, योकच्या सिलिंडरच्या दोन-तीन ओ-रिंगा, मास्कचा पट्टा, ग्रीसची छोटी ट्यूब. माउथपीस चावायच्या कडेला फाटतं आणि ते नेहमी दुसऱ्याच दिवशी फाटतं.

परतीचं वजन वाळवण्यावर ठरतं. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं, तेच वाळवणीचे तास. वेटसूट उलटा करून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि वर उभे राहा, निम्मं पाणी तिथेच जातं. नंतर पंख्याखाली, रुंद हँगरवर. उन्हात निओप्रीन (वेटसूटचं रबर) कडक होतं. बूट सगळ्यात शेवटी वाळतात, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोनदा बदला. बीसीडी उलटी टांगली की दोन तासांनी पुन्हा कपभर पाणी निघतं.

रेग्युलेटर धुवायला गोड्या पाण्यात भिजवण्याआधी फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप फुंकून नव्हे, फडक्याने कोरडी करून घट्ट बसवा. भिजत असताना सेकंड स्टेजवरच्या पर्ज बटणाला हात नको, दाब नसताना ते दाबलं की नळीतून पाणी थेट फर्स्ट स्टेजकडे जातं.

जून ते सप्टेंबर कोकणात डाइव्हिंग बंद, आणि खरी हानी याच महिन्यांत घरात होते. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराला टेकवून ठेवला की पिवळा पडतो, आणि बंद डबीत ओलसर राहिला तर कडेने काळी बुरशी धरते. डबीचं झाकण किलकिलं ठेवा. बीसीडी अर्धी फुगवून टांगा, महिन्यातून एकदा हवा बदला. रेग्युलेटरच्या नळ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा, घट्ट वळल्या तर जोडाजवळ तडे जातात. सिलिका जेलच्या पुड्या पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत टाका. पुड्या कागदाच्या असतील तर दाणे आधी वाटीत काढा.