कन्सल्टन्सी की थेट अर्ज? आधी ठरवा, तुमचं नाव कुणाच्या खात्यावर लागणार

मुंबईत नोकरी बदलायची ठरवून जॉब पोर्टलवरची प्रोफाइल अपडेट केली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून कन्सल्टन्सीचे, म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एजन्सींचे, फोन सुरू होतात. 'करंट सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) किती? एक्स्पेक्टेड? नोटीस पिरियड?' एवढं विचारून झालं की 'सीव्ही मेल करा, क्लायंटला पुढे पाठवते.' आपण लोकलच्या गर्दीत उभे असतो, 'हो, पाठवा' म्हणतो आणि विसरून जातो. या लिखाणातलं निम्मं त्या 'हो, पाठवा'बद्दल आहे.

तीन ते दहा वर्षांचा अनुभव असलेला आणि खासगी कंपनीत ऑफिसचं काम करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे. फ्रेशरचा आणि अगदी वरच्या पदांचा हिशेब वेगळा असतो, त्याबद्दल शेवटी. थेट अर्ज म्हणजे कंपनीचं करिअर पेज आणि आतल्या ओळखीच्या माणसाने केलेलं रेफरल, असं इथे धरलं आहे. पोर्टल थेट अर्ज आणि एजन्सी यांच्या मध्ये बसतं, कारण तिथून कंपनीही सीव्ही उचलते आणि एजन्सीही.

आधी एजन्सीचे पैसे कुठून येतात ते पाहू, कारण तिचं वागणं त्यावर ठरतं. बऱ्याच करारांत फी वार्षिक पॅकेजच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. कठीण किंवा वरच्या पदांना ती वाढते. ती कंपनी देते, तीही उमेदवार रुजू झाल्यावर. ठरावीक मुदतीत, बहुधा 60 ते 90 दिवसांत, माणूस सोडून गेला तर एजन्सीला बदली माणूस फुकट द्यावा लागतो. नोटीस पिरियडमध्ये दर आठवड्याला येणारा 'सगळं ठीक ना?' हा फोन आणि जॉइन झाल्यावर पहिले तीन महिने होणारी विचारपूस, दोन्हींचं मूळ इथे आहे.

'एजन्सी आपल्यासाठी पगार वाढवून घेते' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण गणित करून बघा. आठ लाखांवर 8.33 टक्के म्हणजे 66,640 रुपये. तुम्ही साडेआठवर अडलात आणि ते मिळाले, तर एजन्सीला 70,805 मिळतात, म्हणजे 4,165 रुपये जास्त. त्या अडण्यामुळे कंपनी दुसऱ्याकडे वळली तर मात्र सगळे 66,640 जातात. तुमच्या वार्षिक पन्नास हजारांसाठी तिने किती ताणावं, हे यातून दिसतंच. कुणा रिक्रूटरचा दोष काढण्यासारखं यात काही नाही, रचनाच तशी आहे. फक्त बोलणी तिच्यावर सोपवून निवांत बसू नये.

एजन्सीची खरी ताकद वेगळीकडे आहे. काही जागा जाहीर होतच नाहीत. खुर्चीवर माणूस बसलेला असतो आणि त्याच्या जागी दुसरा शोधायचा असतो, किंवा नवा विभाग गुपचूप उभा करायचा असतो. अशी जागा करिअर पेजवर कधीच दिसणार नाही. दुसरं, चांगला रिक्रूटर मुलाखतीआधी सांगतो की पहिल्या फेरीत कोण बसतो, आधीचे उमेदवार कुठे अडले, बजेट नेमकं किती. ही माहिती थेट अर्जात मिळत नाही. आणि करिअरमध्ये वर्ष-दोन वर्षांचा खंड असेल तर सॉफ्टवेअरच्या चाळणीत सीव्ही अडकतो, तिथे एचआरला फोन करून चार शब्द सांगणारा माणूस कामाला येतो. औषध कंपन्यांतलं क्वालिटीचं काम, शिपिंग, विमा अशा क्षेत्रांत वर्षानुवर्षं तेच करणारे काही सल्लागार मुंबईत आहेत. असा एखादा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

थेट अर्जाचा त्रास उघड आहे. प्रत्येक कंपनीच्या पानावर नवं खातं, नवा पासवर्ड, सीव्ही चढवूनही तीच माहिती पुन्हा हाताने भरायची. एका अर्जाला वीस-तीस मिनिटं सहज जातात, आणि पुढे बहुतेकदा शुकशुकाट. सीव्ही दोन रकान्यांचा किंवा तक्त्यांचा असेल तर यंत्र तो चुकीचा वाचतं, कंपनीचं नाव हुद्द्याच्या जागी जातं. साधा एका रकान्याचा सीव्ही ठेवा.

हा त्रास कमी करण्याची माझ्या पाहण्यातली बरी पद्धत म्हणजे रेल्वेच्या लाइनवरून सुरुवात करणं. तुमच्या स्टेशनपासून दीड तासाच्या आत कुठे पोचता येतं ते ठरवा. डोंबिवलीकराला ठाण्याचं वागळे इस्टेट, ऐरोली, पवई जमतं. बोरिवलीकराला मालाड, गोरेगाव, अंधेरी, फार तर लोअर परळ. त्या पट्ट्यातल्या पंचवीस-तीस कंपन्यांची यादी करा आणि त्यांच्या पानांवर जॉब अलर्ट लावा. जागा दिसली की तिचा जॉब आयडी टिपा आणि त्या कंपनीत ओळखीचं कुणी आहे का पाहा: जुने सहकारी, कॉलेजचे, सोसायटीतले. त्यांना लांबलचक मेसेज नको. जॉब आयडी, त्या कामाशी जुळणारा अनुभव दोन ओळींत, नोटीस पिरियड आणि पीडीएफ, एवढं पुरे.

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. आधी रेफरल, मग करिअर पेज. उलटं केलंत तर तुमचाच अर्ज तुमच्या मित्राच्या रेफरलला आडवा येऊ शकतो. का, ते आता सांगतो, कारण माझा कौल शेवटी याच एका गोष्टीने ठरला.

मोठ्या कंपन्यांत सगळे अर्ज एटीएस (अर्जदारांची नोंद ठेवणारं) नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात. ते माणूस ओळखतं ईमेल आणि मोबाइल नंबरवरून, काही ठिकाणी पॅनवरूनही. ज्या वाटेने तुमचं नाव पहिल्यांदा आत आलं, त्या वाटेच्या खात्यावर ते लागतं आणि ठरावीक काळ तिथेच राहतं. हा काळ कंपनीगणिक बदलतो. सहा महिने बऱ्याच ठिकाणी आढळतात, कुठे तीन महिने, कुठे वर्ष. कंपनी आणि एजन्सी यांच्यात फीवरून भांडण होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि त्यांच्या बाजूने ती रास्तही आहे. पण त्या करारात तुम्ही कुठेच नसता.

समजा मार्चमध्ये एका एजन्सीने ऐरोलीतल्या एका कंपनीकडे तुमचा सीव्ही पाठवला. फोनवर तुम्ही 'हो, पाठवा' म्हणाला होतात, पण कंपनीचं नाव तिने सांगितलं नव्हतं. 'लीडिंग एमएनसी' एवढंच. ती जागा दुसऱ्याला गेली. जूनमध्ये त्याच कंपनीत तुमचा जुना सहकारी टीम लीड म्हणून काम करतोय आणि त्याच्या टीममध्ये नेमकी तुमच्या कामाची जागा निघते. तो रेफर करायला जातो आणि स्क्रीनवर येतं, 'कँडिडेट ऑलरेडी एक्झिस्ट्स'. त्याचा रेफरल बोनस गेला, हे सोडून देऊ. पण तुम्हाला घेतलं तर मार्चवाली एजन्सी फी मागू शकते. शेजारी तेवढ्याच पात्रतेचा, फी न लागणारा उमेदवार बसलेला असेल तर एचआर कुणाला बोलावेल?

दोन एजन्सींनी एकाच जागेला तुमचा सीव्ही पाठवला तर आणखी वाईट. ज्याचा मेल आधी, त्याचा उमेदवार, हा नियम असतो. पण वाद नको म्हणून काही एचआर सरळ तुमचं नावच बाजूला ठेवतात.

सगळ्यात खुपतं ते हे की यातलं काहीही तुम्हाला कळत नाही. नकाराचा मेल येत नाही, आला तर त्यात कारण नसतं. आपल्यातच काही कमी असेल असं वाटत राहतं. मला ही अडचण दोनदा आली आणि दोन्ही वेळा ती कळली आतल्या ओळखीच्या माणसाकडून. नवा ईमेल आयडी काढून अर्ज करण्याचा सल्ला काही लोक देतात. तो मानू नका, मोबाइल नंबर जुळतो, आणि डुप्लिकेट प्रोफाइल म्हणजे लपवाछपवी असा अर्थ निघतो.

म्हणून मी वजन थेट अर्जाच्या पारड्यात टाकेन. तरीही एजन्सी पूर्ण बंद करा असं म्हणणार नाही. फक्त 'हो, पाठवा' हे फोनवर म्हणणं बंद करा. कंपनीचं नाव आणि पद विचारा. 'नाव आत्ता सांगता येत नाही' असं उत्तर आलं तर 'मग नाव कळल्यावर मेल करा, मी कळवतो' म्हणून फोन ठेवा. उमेदवार परस्पर अर्ज करेल ही त्यांची भीती खरी असते, पण ती घालवण्याची जबाबदारी त्यांची. नाव कळलं की आधी तुमची यादी बघा. तिथे ओळखीचं कुणी असेल तर एजन्सीला नम्रपणे नाही म्हणा. कुणी नसेल तर असा मेल करा: 'अमुक कंपनीतील अमुक पदासाठी माझा सीव्ही पाठवण्यास माझी संमती आहे. ती या पदापुरतीच आहे. इतर कोणत्याही कंपनीकडे पाठवण्यापूर्वी मला मेलवर विचारावे.' व्यवहारात हे इंग्रजीत लिहा. पुढे वाद झाला तर एचआरला दाखवायला तुमच्या हातात तारखेसह कागद राहतो. एक्सेलमध्ये कंपनी, पद, कुणामार्फत, तारीख असे चार रकाने ठेवा.

पाठवलेल्या सीव्हीची प्रतही मागून घ्या. एजन्सी तुमचा फोन नंबर काढून तो आपल्या फॉरमॅटमध्ये टाकते, त्यात तारखा पुन्हा टाइप होतात आणि चुका शिरतात. पाच वर्षं आठ महिने याचं '5.8 वर्षं' हे तर नेहमीचंच. करंट सीटीसीत फिक्स्ड (ठरलेला पगार) आणि व्हेरिएबल (कामगिरीनुसार बदलणारा भाग) एकत्र करून आकडा दिला जातो, मग ऑफरच्या वेळी पेस्लिपशी जुळत नाही आणि खोटं बोलल्याचा शिक्का तुमच्यावर बसतो. दोन्ही आकडे वेगळे करून मेलमध्येच लिहून द्या.

'लोकेशन मुंबई' हेही तपासून घ्या. त्यात महापे, तळोजा, भिवंडी सगळं येतं. विरारहून महापे म्हणजे पश्चिम रेल्वे, मग मध्य, मग ट्रान्स-हार्बर आणि शेवटी रिक्षा. 'जवळचं स्टेशन कोणतं आणि शिफ्ट फिरती आहे का?' हे पहिल्याच फोनवर विचारा, मुलाखतीचा एक दिवस वाचेल.

ऑफर आली की लेटरहेड कुणाचं आहे ते पाहा. काही जागा थर्ड पार्टी पेरोलवर असतात, म्हणजे काम कंपनीत पण मालक एजन्सी. पीएफच्या पासबुकात एजन्सीचंच नाव येतं. पुढच्या नोकरीसाठी सीव्हीत फक्त क्लायंट कंपनीचं नाव लिहिलंत तर पडताळणीत नाव जुळत नाही. 'अमुक एजन्सीच्या पेरोलवर, तमुक कंपनीत' असं सरळ लिहिणं बरं. अशी नोकरी वाईटच असं नाही, पण ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीचे कर्मचारी, होण्याचं आश्वासन तोंडी असेल तर ते नाही असं समजून निर्णय घ्या.

पैशांबाबत सवलत देऊ नका. देशातल्या नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट किंवा पहिल्या पगारातला वाटा मागणारी एजन्सी तिथेच सोडा. यूपीआयने पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, उशीर होईल तसे ते परत मिळणं कठीण होतं. आखाती देशांचं प्रकरण निराळं आहे. तिथे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेलाच एजंट लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधून पाहता येतो, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे: 30,000 रुपये अधिक जीएसटी. पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

फ्रेशरने एजन्सीच्या मागे फार वेळ घालवू नये. नवख्यांसाठी फी मोजायला बहुतेक कंपन्या तयार नसतात. त्यांना कॉलेज प्लेसमेंट, वॉक-इन आणि राज्य सरकारचं महास्वयंम पोर्टल जास्त उपयोगी पडावं. ज्यांचा अनुभव पंधरा वर्षांच्या पुढे आहे, किंवा ज्यांना सध्याच्या कंपनीत कुणकुण लागू न देता बदल करायचा आहे, त्यांनी मात्र 'आधी थेट अर्ज, मग एजन्सी' हा क्रम उलटा करावा. पोर्टलवर प्रोफाइल टाकायचीच नाही, आणि आपल्या क्षेत्रातला एकच भरवशाचा सल्लागार गाठून त्याला कंपन्यांची नावं लेखी ठरवून द्यायची.