रक्तातला जंतुसंसर्ग: कल्चर की जनुक-चाचणी?

ब्लड कल्चरची बाटली (रुग्णाचं रक्त जंतू वाढवण्यासाठी ठेवलेली) पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू वाढले, की पुढे दोन वाटा असतात.

जुनी वाट म्हणजे थेंब प्लेटवर पसरायचा, रात्रभर वाढू द्यायचा, मग अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून पुन्हा रात्रभर थांबायचं आणि चकतीभोवतीचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मोजायचं. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णासाठी हे दीड-दोन दिवस फार मोठे असतात.

जनुक-चाचणी त्याच बाटलीतून साधारण तासाभरात उत्तर देते. क्लेबसिएला या जंतूत केपीसी जनुक (ते अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम बनवतं) निघालं, तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम ही जोडी (अँटिबायोटिक आणि ते एन्झाइम अडवणारं औषध) सहसा चालते. असंच दुसरं जनुक, एनडीएम, निघालं, तर ती जोडी एकटी पुरत नाही. एनडीएमचं एन्झाइम झिंकच्या जोरावर काम करतं, अ‍ॅविबॅक्टम त्याला अडवू शकत नाही. मग सोबत आणखी एक अँटिबायोटिक म्हणून अ‍ॅझट्रिओनाम जोडावं लागतं. दोन्ही प्रकारचे जंतू कार्बापेनेम या जालीम अँटिबायोटिक गटाला दाद देत नाहीत, पण उपचार वेगळे. हा फरक पहिल्याच दिवशी कळणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

मात्र ही चाचणी ठरवून दिलेलीच जनुकं शोधते. जनुक सापडलं नाही म्हणून औषध लागू पडेलच असं नाही. काही जंतू बाह्य आवरणातली पोरिन नावाच्या प्रथिनांची दारं बंद करून औषध आत येऊच देत नाहीत, आणि ते प्लेटवरच दिसतं. म्हणून बाटली पॉझिटिव्ह आल्यावरचं पहिलं औषध जनुकांवरून ठरवावं, पुढचा कोर्स कल्चरवरून.