काँक्रीटच्या भिंतीसाठी ८ मिमीची नायलॉन गिट्टी
जर्मन संशोधक आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये शोधलेल्या नायलॉन प्लगच्या धर्तीवरची ही गिट्टी (भिंतीच्या भोकात बसवून तिच्यात स्क्रू आवळायची नळी) भांड्यांची मांडणी बसवण्यासाठी वापरली आणि काँक्रीटमध्ये ती जुन्या लाकडी गुट्ट्यांपेक्षा कितीतरी उजवी ठरली. स्क्रू आवळताच तिचे पाय फाकून भोकाच्या कडांवर दाबले जातात व त्या घर्षणावरच भार पेलला जातो. म्हणून हॅमर ड्रिलला ८ मिमीचेच बिट लावून भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल पाडावे आणि आतली भुकटी (डोळे सांभाळून) पूर्ण काढावी, अन्यथा गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरते. पाकिटातले स्क्रू मात्र बारीक आहेत. ५ मिमीचे वेगळे घ्यावेत, आणि प्लास्टरची जाडी धरून लांब घ्यावेत. गिझरसाठी लोखंडी अँकर फास्टनरच (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) हवा.