टीबी प्रतिबंधक उपचार, मनपा दवाखाना, सिडको (नाशिक)

औषध, एक्स-रे, तपासणी सगळं मोफत आहेच, पण मला पटली ती इथली विचारपूस. धाकट्या दिरांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले आणि लगेच आशाताईंसोबत आरोग्यसेवक घरी आले. घरात कोण, वय काय, खोकला-ताप, वजन घटलंय का, साखर आहे का, सगळं लिहून घेतलं. सरसकट गोळ्या वाटल्या नाहीत.

चार वर्षांच्या मुलीचं आधी ठरलं. बाहेरच्या एका डॉक्टरांनी 'बीसीजीची लस दिलीय, काही लागत नाही' म्हणून परत पाठवलं होतं. इथल्या मॅडम म्हणाल्या, बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून बरीच वाचवते, पण घरातच पेशंट असताना तेवढ्यावर विसंबायचं नाही. पाच वर्षांखालची मुलं लवकर आजारी पडतात. तिला आजार नाही याची खात्री केली आणि संसर्गाच्या (आजार नसला तरी जंतू शरीरात शिरलेत का याच्या) चाचणीसाठी न थांबता वजनाप्रमाणे आयसोनियाझिड हे टीबी टाळणारं औषध सुरू केलं, रोज, सहा महिने.

आम्हा मोठ्यांना हातावर सुई टोचून दोन दिवसांनी बोलावलं. सिस्टरांनी गाठ बोटाने चाचपली, मग मोजपट्टीने मोजली. नुसती लाली त्यांनी धरली नाही. ह्यांची चाचणी निगेटिव्ह, म्हणून त्यांना गोळ्या नाहीत, फक्त लक्षणं दिसली तर या म्हणाले. मी आणि सासूबाई पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे आजार होतो, तोही बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून आत्ताच घ्या, असं सांगितलं. सासूबाईंना डायबिटीस, वयही झालेलं. त्यांचं लिव्हर आधी तपासलं. गोळ्या आठवड्यातून एकदा, 12 आठवडे. लघवी केशरी होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं. मला बाजूला घेऊन गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का विचारलं, कारण या औषधाने त्यांचा परिणाम कमी होतो. हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र खटकली. भाऊजी आजारी पडेपर्यंत अंबडला दोन मित्रांसोबत एका खोलीत राहत होते. यादी फक्त आमच्या घरची झाली, त्या मुलांची चौकशी आम्ही आग्रह धरल्यावर. बंद खोलीत रात्रभर एकच हवा घेणारा माणूस नात्यातला नसला तरी त्याला विचारायलाच हवं. शिवाय तपासणी सकाळीच असते, शिफ्टवाल्यांचा खाडा होतो.

घरात कुणाला टीबी निघाला असेल तर बोलावण्याची वाट बघू नका. लहान मूल, डायबिटीस, डायलिसिस, एचआयव्ही, जे असेल ते स्वतःहून सांगा. टीबीसाठीची सरकारी निक्षय हेल्पलाइन 1800-11-6666, फोन फुकट लागतो.